चातीचा बाक

फोन आधी बंद करा आणि पिशवीच्या तळाशी टाका. भारतात पहिला मोबाइल वाजायला अजून साठ वर्षं आहेत. साल १९३५, महिना डिसेंबर. तुम्ही वर्ध्याहून नागपूर रस्त्याला पायी निघाला आहात. कापसानं शीग भरलेल्या बंड्या समोरून जिनाकडे चालल्यात, चाकांच्या कुरकुरीत बैलांच्या घुंगरांचा आवाज मिसळतोय. मगनवाडीत गांधीजी रक्तदाबानं आजारी आहेत, त्यामुळे गावात सगळे हळू आवाजात बोलतायत. तुम्हाला तिकडे जायचं नाही. कोसभर चालून उजेड नीट फाकायच्या आत नालवाडी गाठायची आहे.

गाव दिसण्याआधी त्याचा वास येतो. बाभळीच्या सालीचा तुरट वास, भिजवलेल्या चुन्याचा वास आणि त्याखाली ओल्या कातड्याचा. हे गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय. इथे कापलेल्या जनावराचं कातडं येत नाही, आपोआप मेलेल्या ढोराचंच कमावलं जातं. हौदात कातडं किती दिवस ठेवलं, साल किती घातली, केस कधी सुटले, हे सगळं बघून पुढच्या खेपेला बदल करायचा. एका जातीच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं काम इथे शिकलेली माणसं कोपरापर्यंत हात बुडवून करतायत. नाकाला पदर लावून पुढे जाऊ नका. या गावात पुढे जे दिसणार आहे त्याचा पाया हाच आहे: काम करणाराच प्रयोग करतो, आणि प्रयोग करणाराच काम करतो.

आता त्या मातीच्या घराच्या पडवीत वाका. ओळीनं चरखे मांडलेत. सगळ्यांची चाकं फिरतायत, एकाचं सोडून. सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा चरख्यापुढे उकिडवा बसलाय आणि कातायचं सोडून चरख्याकडे टक लावून बघतोय.

“काय झालं?”

“तुटून राह्यली ना भाऊ तार. सकायपासून.”

तुम्ही त्याच्याशेजारी बसा आणि काही बोलू नका. तो आधी हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, उलगडतो. कापूस नीट पिंजलेला आहे की गाठी राहिल्यात, हे बोटांनी चाचपतो. मग तोच पेळू शेजारच्या बाईला देतो, “मावशे, पा बरं जरा.” मावशीच्या चरख्यावर त्याच पेळूतून हातभर लांब तार निघते, तुटत नाही. म्हणजे दोष कापसात नाही, पिंजणात नाही, हवेतल्या दमटपणात नाही. शक्यतांची एक फांदी छाटली गेली. मग तो माळ दाबून बघतो. चाकावरून चातीवर, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या लोखंडी काडीवर, येणारी ती दोरी सैल असेल तर मध्येच घसरते आणि पीळ कमी बसतो. माळ ठीक आहे. चातीला धरून ठेवणारे चामड्याचे दोन तुकडे तो बघतो. तेही झिजलेले नाहीत. आता एकच जागा उरली.

तो चाक अगदी हळू फिरवतो आणि चातीचं टोक पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघायला सांगतो. “हे पाहा. टोक नाचते.” तुम्हाला काही दिसत नाही. तो चुलीतला कोळशाचा तुकडा आणतो, चातीच्या टोकाला लागेल न लागेल एवढ्या अंतरावर स्थिर धरतो आणि चाक फिरवतो. चाती थांबते तेव्हा तिच्या एकाच अंगाला काळी रेघ उमटलेली असते. ते फुगलेलं अंग. चाती काढून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवतो, रेघ वर, आणि हातोडीनं अगदी बेतानं ठोका देतो. परत लावतो, परत कोळसा. या खेपेला काळं वर्तुळ पूर्ण उमटतं.

तार निघते, आणि निघतच राहते.

सोळा नंबरचं ताण्याचं सूत काढायचं तर इंचाला साधारण सोळा पीळ बसायला हवेत. चातीचं टोक केसभर नाचलं की पीळ कुठे जास्त बसतो, कुठे कमी, आणि तार तिच्या सगळ्यात अशक्त जागी तुटते. हे गणित त्या पोराला कुणी फळ्यावर शिकवलेलं नसेलही. पण दोष शोधायची जी रीत तुम्ही आत्ता पाहिली तीच उत्तम प्रोग्रामर वापरतो. अंदाजानं पाच गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, एकेक शक्यता बाद करत जायचं, आणि डोळ्याला न दिसणारा दोष दिसता करणारी युक्ती काढायची. हॅकर म्हणजे कुलपं फोडणारा चोर, ही समजूत वर्तमानपत्रांनी पसरवली. माझ्या लेखी खरा हॅकर हा कोळशाचा तुकडा आणणारा मुलगा आहे.

आता पिशवीतून तो बंद फोन काढा. पोराचं लक्ष गेलेलंच आहे. तो काच बघतो, पाठ बघतो, कडेनं बोट फिरवतो. हे काय करतं, असं तो विचारत नाही. तो विचारतो, “याच्यात झिजते काय?”

तुम्ही सांगता की बॅटरी झिजते. दोन-तीन वर्षांत दम सोडते.

“मंग बदलवाची.”

बदलता येते, तुम्ही सांगता, पण ती आत गोंदानं चिकटवलेली असते. पाठ गरम करून, पातळ पट्टी आत सारून, काच तडकणार नाही अशा बेतानं उघडावं लागतं. काही फोनांत तर नवी बॅटरी बसवली तरी फोन तिला ओळखत नाही.

पोरगा फोन परत देतो. “झिजनारी वस्तू कोनी चिकटवते काय?”

याचं उत्तर तुमच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही. फोन पातळ करायचा होता, पाणी आत जाऊ द्यायचं नव्हतं, ही कारणं खरी आहेत. पण चरख्याची माळ, चाती, चामड्याचे तुकडे हे झिजणारे भाग हाताला पहिल्यांदा लागतील असे बाहेर ठेवलेत. ज्यानं चरखा रचला त्याला ठाऊक होतं की दुरुस्ती करणारा आणि वापरणारा एकच आहे.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला एकजण तकली फिरवत बसलाय. वय चाळीस, अंगानं काटक, डोळे बारीक केलेले. हे विनोबा. १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याचा आश्रम सोडून या हरिजन वस्तीच्या गावी राहायला आले. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली होती आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली होती. इथे मात्र गीता तोंडात नाही, हातात आहे असं म्हणा. त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. सूत मोजणं चालू आहे.

तकली हे कातायचं सगळ्यात स्वस्त यंत्र. लोखंडी तार आणि पितळी चकती, नाहीतर बांबूची काडी आणि खापराची घासून गोल केलेली चकती. याहून कमी भागांत यंत्र होत नाही. तिची रचना लपवताच येत नाही, बघितली की कळते. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तारा, अडीच हजार फुटांहून जास्त सूत. गुंडीमागे मजुरी ठरलेली. विनोबांनी ठरवलं की दिवसभर कातायचं आणि त्या मजुरीत जेवढं येईल तेवढ्यातच जगायचं. दूध, भाकरी, भाजी, सगळं त्यात.

या प्रयोगाकडे तपश्चर्या म्हणून बघायची आपल्याला सवय आहे. मला त्यात आणखी काही दिसतं. एक बुद्धिमान माणूस एका साधनाची चाचणी घेतोय आणि मोजमापाचं उपकरण म्हणून स्वतःचं शरीर वापरतोय. खेड्यातल्या बाईला सांगायचं की कात, यातून पोट भरेल, आणि आपण मात्र देणगीवर जेवायचं, हे त्यांना चालणार नव्हतं. उत्तर काय आलं? पुरत नाही. हात तरबेज, दिवस पूर्ण, तरी पुरत नाही. ज्या वर्षी तुम्ही इथे उभे आहात त्याच १९३५ मध्ये खादीचं काम बघणाऱ्या चरखा संघानं कातणाऱ्यांना जगण्यापुरती किमान मजुरी द्यायचं धोरण घेतलं. खादी महागली, गिऱ्हाईक कुरकुरलं, तरी गांधीजी मागे हटले नाहीत. विनोबांची तब्येत या गावात खालावत गेली, आणि मार्च १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला गेले. किंमत मोठी मोजली. पण “यंत्र चांगलं आहे” आणि “यंत्रावर माणूस जगतो” ही दोन वेगळी विधानं आहेत, हे नालवाडीत सिद्ध झालं.

मुक्त सॉफ्टवेअरवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट त्या जगाला सांगावीशी वाटते. आपण कोड खुला करतो, परवाना लावतो आणि समजतो की काम झालं. किती जणांनी आपला प्रोग्राम जुन्या संगणकावर, तुटक वीज आणि संथ इंटरनेट असलेल्या गावात महिनाभर पोटापाण्यासाठी वापरून बघितलाय? वेगाच्या चाचण्या आपण घेतो. मजुरीची चाचणी घेत नाही.

आता सहा वर्षं मागे चला. १९२९. पडवी सोडू नका. तिथेच खुंटीला एक जुनं छापील पान अडकवलंय असं धरा आणि वाचा. अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी बक्षीस लावलंय, एक लाख रुपये. त्या काळचे एक लाख. अटी अशा: यंत्र हलकं हवं, झोपडीत मावायला हवं, हातानं किंवा पायानं चालायला हवं. बाईमाणसाला त्यावर आठ तास फार न दमता काम करता यायला हवं. आठ तासांत बारा ते वीस नंबरचं १६,००० फूट सूत निघायला हवं. भारतात बनवायचा खर्च दीडशे रुपयांच्या आत. वेळच्या वेळी निगा राखली तर यंत्र वीस वर्षं टिकावं, आणि झिजलेले भाग बदलायचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा.

गुंड्यांच्या हिशेबात १६,००० फूट म्हणजे सव्वासहा गुंड्या. शेजारच्या मावशीला विचारा हे एका दिवसात होईल का. ती हसेल.

या अटी मी जितक्या वेळा वाचतो तितका त्यांच्यापुढे थांबतो. आज कुठल्याही नव्या वस्तूच्या जाहिरातीत वेग असतो, वजन असतं, किंमत असते. वीस वर्षांनी काय, वर्षाला दुरुस्ती किती आणि आठ तासांनी वापरणाऱ्याचे खांदे किती दुखतील, हे कुठे असतं? आणि सगळ्यात विलक्षण अट पेटंटची. स्पर्धकानं हवं तर स्वतःच्या खर्चानं पेटंट घ्यावं, पण बक्षीस हवं असेल तर तो हक्क चरखा संघाच्या नावे करावा. शोध लावणाऱ्याला भरभक्कम मोबदला, आणि शोध सगळ्यांचा. शोधकाला उपाशी ठेवून त्यागाचा उपदेश केलेला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. गांधीजींनी १९१० मध्ये ‘हिंद स्वराज्य’ची इंग्रजी आवृत्ती काढली तेव्हा तिच्यावर कुठलेही हक्क राखीव नसल्याचं छापलं होतं. हक्क सोडून देणं ही एक रीत, आणि हक्क विश्वस्ताच्या हाती ठेवून वस्तू मोकळी राखणं ही दुसरी. १९८९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या रिचर्ड स्टॉलमननं जीपीएल हा परवाना काढला तो या दुसऱ्या रीतीच्या जवळचा. लेखकाचा हक्क शाबूत ठेवायचा आणि त्याच्याच जोरावर, पुढे कुणी प्रोग्राम बंदिस्त करू नये, अशी अट घालायची. त्याच्या लढ्याची सुरुवातही चातीसारख्याच क्षुल्लक गोष्टीपासून झाली होती. एमआयटीतल्या प्रिंटरात कागद अडकायचा, तो अडकला की सगळ्यांना कळावं म्हणून त्याला कोड हवा होता, आणि तो मिळाला नाही.

लाखाचं ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. सगळ्या अटी एकदम पुऱ्या करणारं यंत्र आलंच नाही. पण स्पर्धा वाया गेली असं मी म्हणणार नाही, कारण डोकी चालायला लागली होती. येरवड्याच्या तुरुंगात खुद्द गांधीजींनी पेटीत मिटणाऱ्या चरख्यावर प्रयोग केले. प्रभुदास गांधींनी दोन चात्यांचा, पायानं चालणारा मगन चरखा केला, ज्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी सूत निघतं. प्रत्येकानं आधीच्याचं घेतलं, एक भाग बदलला, पुढच्याला दिलं.

पुढे या. ३० डिसेंबर १९३८, वर्धा, मगनवाडी. जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या आवारात गांधीजी मगन संग्रहालयाचं उद्घाटन करतायत. काचेआड ठेवायच्या मौल्यवान वस्तूंचं हे संग्रहालय नव्हे. घाणे, चरखे, कागद करायची साधनं, पिंजणं. बघा, मापं घ्या, गावी जाऊन बनवा. याच काळात वर्ध्याच्या वर्तुळात मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनिअर येतो. इथे त्याचं नाव भारतानंद. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात लोकांच्या हाती कारभार द्यायची जी घटना झाली तिच्यातही त्याचा हात होता. विजेच्या साहित्याच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस धनुष तकली करतो. तकली फिरवायला तिच्यावर बांबूचं धनुष्य घासायचं. चाक नाही, माळ नाही. सुताराचीही गरज जवळजवळ नाही. इंजिनिअरनं भाग वाढवण्याऐवजी कमी केले, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणखी पुढे, १९५५-५६. इथे जास्त थांबणार नाही, कारण हे बघून वाईट वाटतं. तमिळनाडूतल्या एकांबरनाथन यांनी केलेला अंबर चरखा आता सरकारी योजनेचा नायक झालाय. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत त्याच्यावर मोठी भिस्त. यंत्र खरोखर हुशार आहे, चार चात्या आणि गिरणीतल्या यंत्राचं तत्त्व झोपडीत. पण त्यात धातूचे नेमके भाग आले, दातेरी चाकं आली, आणि ते बिघडलं की कोळशाच्या तुकड्यानं भागेना. मिस्त्री लागला, सुटा भाग दुसऱ्या गावाहून यायची वाट बघणं आलं. आराखडा कुणापासून लपवलेला नव्हता. तरी वापरणारीच्या हातातून यंत्र निसटलं. आराखडा खुला असणं आणि यंत्र आपल्या आवाक्यात असणं यांतलं अंतर मोठं आहे, आणि ते परवान्यानं भरून निघत नाही.

ते भरून काढायचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरं तिथे वेल्डिंग करत, विहिरीसाठी पाणी शोधत शिकू लागली. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्डच्या प्रकल्पातली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथे उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. नांगराच्या शेजारी लेझर कटर. पाबळमध्ये डोकावून बघा, मग परत या.

आजची नालवाडी. वर्धा शहर वाढत वाढत इथपर्यंत आलंय, प्लॉट पडलेत, मोटरसायकली उभ्या आहेत. विनोबांच्या प्रेरणेनं १९३४ मध्ये सुरू झालेलं ग्राम सेवा मंडळ गोपुरीत आहे. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सौर चरख्यावर तिथे काम झालंय. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं. आता फोन सुरू करा.

रात्रीचे बारा वाजलेत. वर्ध्याच्या आसपासच्या शिवारात हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आहेत आणि शेतीच्या फिडरला वीज रात्रपाळीची आहे. विहिरीवर पत्र्याच्या पेटीत एक डबा लावलेला असतो, त्यात सिमकार्ड. शेतकरी घरून फोन लावतो, बटण दाबतो, मोटर सुरू. साप-विंचवाच्या अंधारात बांधावर जायची गरज नाही. गेल्या काही वर्षांतलं विदर्भातलं हे सगळ्यात उपयोगी गॅजेट, असं माझं मत आहे, आणि ते बिघडलं की काय होतं ते तालुक्याच्या कुठल्याही मोटर वाइंडिंगच्या दुकानात उभं राहून बघावं. काही डब्यांतलं सर्किट राळ ओतून दगडासारखं केलेलं असतं. आत एक रिले जळालेला, पण तिथपर्यंत मिस्त्रीचं पोहोचणंच होत नाही. ऐन फुलोऱ्यात पाण्याची पाळी चुकते.

तुम्ही आर्डुइनोवर दिवे लुकलुकवता, थ्रीडी प्रिंटरवर गणपती छापता, लिनक्सच्या कुठल्या आवृत्तीत काय बरं यावर रात्र जागवता. जागवा, मजा आहे त्यात. पण हा डबाही हाती घ्या. १९२९ च्या अटी त्याला लावा. वापरणाऱ्याला ओल्या हातांनीही धोका नको. किंमत वर्ध्याच्या कास्तकाराला परवडणारी. दुरुस्तीचा वर्षाचा खर्च पाच टक्क्यांच्या आत. जळणारे भाग वर, स्क्रूनं बसवलेले, जिल्ह्याच्या बाजारात मिळणारे. सर्किटचा नकाशा झाकणाच्या आत मराठीत चिकटवलेला, कोड खुला, आणि जो कुणी त्यात सुधारणा करेल त्यानं ती इतरांनाही द्यायची. आणि बनवणाऱ्यानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी एक अख्खा हंगाम तोच डबा लावून रात्रपाळीच्या विजेवर स्वतः हरभरा पिकवायचा, त्या पिकाच्या पैशात घर चालवून दाखवायचं, आणि मगच दुसऱ्याच्या विहिरीवर तो बसवायचा.